सार्वजनिक संगणकाची आठवण पुसायची कोणी?

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सायबर फसवणुकीच्या बातम्या आपण सातत्याने छापता आणि त्यांच्या शेवटी ‘ओटीपी कोणालाही सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने कळवा’ अशी सूचनाही आवर्जून देता. ही सूचना मोलाची आहे आणि ती पुन्हापुन्हा दिली गेलीच पाहिजे. मात्र एका गोष्टीचा उल्लेख अशा सूचनांमध्ये मला आजवर फारसा आढळलेला नाही. आपल्याकडील कितीतरी माणसे प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्ती, दाखले, बँक आणि विम्याची कामे स्वतःच्या संगणकावर करीत नाहीत. ती सेवा केंद्रात, नेट कॅफेत, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा वाचनालयात, म्हणजे दिवसभरात दहा जणांचे हात लागलेल्या संगणकावर करतात. तिथे कोणालाही ओटीपी न सांगता आणि कोणतीही लिंक न उघडता, केवळ खिडकी बंद करून उठून गेल्यामुळे एकाचे खाते दुसऱ्याच्या हाती पडू शकते. त्याविषयी लिहिण्यासाठी हा पत्रप्रपंच.

मी एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे वाचनकक्षाच्या कोपऱ्यातील चार संगणक, एक प्रिंटर आणि एक नोंदवही. दहावी-बारावीचे निकाल लागले की या कोपऱ्याचे रूप पालटते. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश २०२५ मध्ये संपूर्ण राज्याला लागू झाल्यापासून तर पूर्वी थेट जवळच्या महाविद्यालयात जाऊन नाव घालणारी खेड्यापाड्यांतील मुलेही संगणकासमोर येऊन बसू लागली आहेत. अशाच एका हंगामात एक मुलगी वडिलांसोबत आमच्याकडे आली. आदल्या दिवशी तिने बसस्थानकाजवळच्या एका खासगी केंद्रात अर्ज भरून घेतला होता आणि आमच्याकडे ती केवळ त्याची प्रत छापून घ्यायला आली होती. लॉगिन करून पाहते तो पसंतीक्रमातील पहिली तीन महाविद्यालये भलतीच. ज्या महाविद्यालयाचे नावही तिने ऐकले नव्हते ते पहिल्या क्रमांकावर आणि जिथे जायचे ती वर्षभर ठरवून बसली होती ते कुठेच नाही. मुलीच्या तोंडून शब्द फुटेना. कोणीतरी दावा साधला, असाच वडिलांचा समज झाला.

चौकशी केल्यावर कळले की कोणाचाही काही डाव नव्हता. तिचा अर्ज भरून झाल्यावर केंद्रातील मुलाने टॅब बंद केला, पण लॉग आउट केले नाही. पुढच्या विद्यार्थ्यासाठी तेच संकेतस्थळ उघडले तेव्हा या मुलीचेच खाते समोर आले, बाहेर रांग लागलेली असल्याने वरच्या कोपऱ्यातील नावाकडे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि त्या मुलाचे पसंतीक्रम हिच्या अर्जात जाऊन बसले. मुदत संपायला एक दिवस शिल्लक होता म्हणून दुरुस्ती करता आली. सगळे मार्गी लागल्यावर तिच्या वडिलांनी मला जो प्रश्न विचारला तो मी विसरू शकलेलो नाही. ते म्हणाले, ‘सर, पासवर्ड तर आम्ही कुणालाच सांगितला नव्हता. मग तो असतो कशाला?’

त्यांना जे उत्तर दिले तेच इथे थोडे सविस्तर मांडतो. देवळाबाहेर चपला ठेवतो तेव्हा तिथला माणूस आपल्याला एक बिल्ला देतो. परत आल्यावर तो आपले नाव-गाव विचारीत नाही. बिल्ला पाहतो आणि त्या क्रमांकाच्या खणातल्या चपला पुढे सरकवतो. बिल्ला दुसऱ्या कोणाच्या हाती लागला तर त्या चपला त्याला मिळतात. संकेतस्थळे उघडण्यासाठी आपण जो प्रोग्रॅम वापरतो त्या ब्राउझरमधील कुकी म्हणजे असाच बिल्ला. संकेतस्थळाला मुळात कोणाचीच ओळख राहत नाही. एक पान दाखवून झाले की दुसरे पान मागणारा तोच आहे की निराळा, हे त्याला सांगता येत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी नेटस्केप या कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकीची योजना केली, आणि तेव्हापासून पासवर्ड एकदाच विचारायचा व पुढे बिल्ला पाहून ओळखायचे, अशी रीत पडली. म्हणून पासवर्ड किंवा ओटीपी हा फक्त दारावरचा पहारा. एकदा आत गेल्यावर सगळा व्यवहार बिल्ल्यावर चालतो, आणि तो बिल्ला माणसाच्या खिशात नसून संगणकात असतो. माणूस उठून गेला तरी तो तिथेच राहतो.

याच उदाहरणाने आणखी एक गोष्ट समजते, जी जाणत्या माणसांच्याही ध्यानात येत नाही. कुकीज पुसणे आणि लॉग आउट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुकीज पुसणे म्हणजे बिल्ला फेकून देणे. त्या संगणकावरून आता कोणी आत जाऊ शकत नाही हे खरे, पण तिकडे खण आपल्या नावाने भरलेलाच राहतो, आणि त्या आधीच कोणी बिल्ल्याची नक्कल करून घेतली असेल तर ती खण रिकामा होईपर्यंत चालते. लॉग आउट करणे म्हणजे बिल्ला परत देऊन खण रिकामा करणे. संगणकात शिरून कुकीजची नक्कल बाहेर पाठवणारे घातक प्रोग्रॅम आज अस्तित्वात आहेत, आणि अशी नक्कल हाती असलेल्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. म्हणून परक्या संगणकावर आधी लॉग आउट आणि मग पुसणे, हाच क्रम ठेवावा. ज्यांना घरी गेल्यावर लॉग आउट करायचे राहिल्याची आठवण होते त्यांनीही हात टेकू नयेत. बहुतेक मोठ्या ईमेल सेवांमध्ये आपले खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे याची यादी असते आणि तिथून दूरच्या संगणकावरील लॉगिन बंद करता येते. पासवर्ड त्याच वेळी बदलावा हे बरे.

दुसऱ्याच्या केंद्राविषयी लिहिताना आमच्या वाचनालयाविषयीही लिहिणे मला भाग आहे, कारण त्या प्रसंगानंतर मी आमचे चारही संगणक पहिल्यांदा बारकाईने तपासले आणि जे दिसले त्याची मला मनापासून लाज वाटली. चारही ठिकाणी एकच ब्राउझर, एकच प्रोफाइल (म्हणजे ब्राउझरमधील एका वापरणाऱ्याचा कप्पा), आणि ते सर्वांसाठी खुले. साठवलेल्या पासवर्डांची यादी उघडली तर ती खाली सरकतच गेली. ‘हा पासवर्ड जतन करायचा का?’ असे ब्राउझर विचारतो आणि घाईतला माणूस ‘सेव्ह’ दाबून मोकळा होतो. क्रोममध्ये असे पासवर्ड पाहण्यापूर्वी संगणकाचा पासवर्ड विचारला जातो, पण आमच्या संगणकांना पासवर्डच ठेवलेला नव्हता. त्यामुळे डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की पलीकडचे शब्द उघडे पडत होते. त्यांत शिष्यवृत्तीची खाती होती, नोकरीच्या संकेतस्थळांची होती, आणि दोन बँकांचीही होती. अर्ज भरण्याच्या रकान्यात ‘आर’ अक्षर टाकले की रमेशपासून रुक्मिणीपर्यंत पूर्वी भरलेली नावे, पत्ते आणि मोबाइल क्रमांक ओळीने खाली उतरत.

त्यांतील एक प्रकार विस्ताराने सांगतो, कारण तो इतर ठिकाणीही घडत असणार. तिसऱ्या क्रमांकाच्या संगणकावर ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात एका तरुण वाचकाचे छायाचित्र दिसत होते. त्याने कधीतरी जीमेल उघडले, त्या वेळी समोर आलेल्या ‘सिंक चालू करायचे का’, म्हणजे आपली माहिती सगळ्या उपकरणांवर सारखी ठेवायची का, या प्रश्नाला होकार दिला आणि तो निघून गेला. त्या क्षणापासून वाचनालयातील ते प्रोफाइल त्याच्या खात्याशी जोडले गेले. पुढे त्या संगणकावर बसून कोणी काय शोधले, कोणती पाने पाहिली याचा इतिहास त्याच्या मोबाइलवर जाऊन पोहोचत होता आणि इतरांनी जतन केलेले पासवर्ड त्याच्या खात्यात जमा होत होते. उलट त्याने घरी साठवलेल्या पानांच्या खुणा (बुकमार्क) आणि पासवर्ड आमच्या संगणकावर उतरले होते. त्याला बोलावून दाखवले तेव्हा तो बिचारा घाबरून गेला. आपल्या मोबाइलमध्ये न उघडलेली पाने का दिसतात, हे कोडे त्याला अनेक दिवस पडले होते. इतिहास पुसायला मी हात पुढे केला आणि वेळीच थांबलो, कारण सिंक चालू असताना तो पुसला असता तर त्याच्या मोबाइलमधीलही पुसला गेला असता. आधी सिंक बंद केले, खाते काढले, आणि मग ते प्रोफाइलच काढून टाकले.

क्रोमने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये अशी व्यवस्था आणली की जीमेलमध्ये लॉगिन केले की ब्राउझरही त्याच खात्याने आपोआप साइन इन व्हावा. त्यावर टीका झाल्यानंतर पुढच्याच आवृत्तीत हे बंद करण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये देण्यात आला. तो पर्याय आजही आहे, पण मुळात साइन इनला परवानगी असते आणि ती बंद करण्याचे काम वापरणाऱ्यावर सोडलेले असते. सार्वजनिक संगणकावर ती बंद केलेली मी तरी अजून कुठे पाहिलेली नाही.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. क्रोम, एज यांसारख्या ब्राउझरमध्ये गेस्ट नावाची खिडकी असते. ती उघडताना ब्राउझरच्या हाती आधीच्या कोणाचीही कुकी, पासवर्ड वा इतिहास नसतो, आणि गेस्टच्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या की त्या बैठकीतले सारे पुसले जाते. ‘सगळ्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण एक खिडकी मागे दडून राहिली तर बिल्ले जिवंत राहतात. आम्ही चारही संगणकांच्या पडद्यावरील ब्राउझरच्या चिन्हात असा बदल केला की ते दाबल्यावर गेस्ट खिडकीच उघडते. त्यासाठी शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये एक शब्द जोडावा लागतो. अर्ध्या तासात चारही संगणकांचे काम झाले. वाचनालयाच्या कामासाठी, म्हणजे ग्रंथांच्या नोंदी, पत्रव्यवहार आणि अनुदानाच्या माहितीसाठी, आम्ही वेगळे प्रोफाइल केले आणि ते फक्त कार्यालयातील संगणकावर ठेवले.

प्रोफाइल आणि गेस्ट यांत गल्लत होऊ नये म्हणून एवढे सांगतो की प्रत्येक प्रोफाइलच्या कुकीज, पासवर्ड, खुणा आणि इतिहास वेगळे राहतात, आणि त्यामुळे एकाच घरातल्या नवरा-बायकोने, किंवा एकाच माणसाने घरच्या व कार्यालयाच्या कामासाठी, दोन प्रोफाइल ठेवणे फार सोयीचे असते. एका ब्राउझरमध्ये दोन ईमेल खाती एकात एक अडकून भलत्याच पत्त्यावरून पत्र गेल्याचा अनुभव पुष्कळांना असेल, तो प्रोफाइलमुळे टळतो. पण प्रोफाइल म्हणजे कुलपाचे कपाट नव्हे, ते खोलीत लावलेल्या पडद्यासारखे आहे. त्याच संगणकावर बसलेला कोणीही माणूस पडदा सारून पलीकडे जाऊ शकतो. ज्यांचा एकमेकांवर विश्वास आहे त्यांच्यासाठी प्रोफाइल पुरेसे आहे. ज्यांची एकमेकांशी ओळखही नाही अशांच्या संगणकावर गेस्ट खिडकीच हवी.

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरमधील खासगी, खिडकीवरही लोकांची श्रद्धा आहे. तीही बंद केल्यावर कुकीज आणि इतिहास ठेवीत नाही आणि गेस्टची सोय नसेल तिथे तिचा उपयोग जरूर करावा. मात्र ती उघडली म्हणजे आपण कोणालाच दिसत नाही, हा समज चुकीचा आहे. आपण ज्या संकेतस्थळावर गेलो ते, ज्या नेटवर्कमधून गेलो ते चालवणारे, आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांना आपला वावर दिसू शकतो. याच समजावरून अमेरिकेत गूगलविरुद्ध २०२० मध्ये सामूहिक दावा दाखल झाला होता, आणि २०२४ मध्ये बाहेर आलेल्या तडजोडीच्या अटींनुसार कंपनीने खासगी खिडकीतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. त्याच वर्षाच्या आरंभी त्या खिडकीवरील सूचनेचा मजकूरही अधिक स्पष्ट करण्यात आला.

गेस्ट खिडकीलाही एक मोठी मर्यादा आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. उतरवून घेतलेल्या फाइली ती पुसत नाही. आमच्या ‘डाउनलोड्स’मध्ये मला गुणपत्रिका, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, बँकेच्या पासबुकाची पहिली पाने आणि पुष्कळशी आधार कार्डे सापडली. डाउनलोड केलेल्या आधारच्या फाइलला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा असतो, आणि त्याच फोल्डरमध्ये शेजारी त्याच मुलाची गुणपत्रिका पडलेली असेल तर तो पासवर्ड राहिला कुठे? आता रोज संध्याकाळी दिवे मालवण्यापूर्वी आम्ही तो फोल्डर रिकामा करतो, त्यानंतर रिसायकल बिनही रिकामी करतो. स्कॅनर आणि प्रिंटरच्या फोल्डरांचेही तेच.

इथवर जे लिहिले ते एकाचे खाते दुसऱ्याच्या हाती जाण्याविषयी. दुसरी बाजू याहून शांतपणे घडते आणि म्हणून ती दिसत नाही. आपण ज्या संकेतस्थळावर जातो ते जसे बिल्ला देते, तसेच त्या पानावर जाहिरात लावणारा तिसराच कोणी आपला बिल्ला अडकवून जातो. पंढरपूर, तुळजापूर, जेजुरी अशा प्रत्येक ठिकाणी चपलांचे खण एकाच मालकाचे असावेत आणि त्याने सगळीकडे एकाच क्रमांकाचा बिल्ला पाहावा, म्हणजे हा माणूस कुठून कुठे गेला, कुठे किती वेळ थांबला, हे त्याला न विचारता कळते. तृतीय पक्षाच्या कुकीज म्हणतात त्या याच.

मोठ्या शहरात याचे फारसे कोणाला वाटत नसेल, पण लहान गावात प्रत्येक माणूस प्रत्येकाला ओळखतो. आमच्याकडे एक बाई दुपारच्या शांत वेळी येऊन मूल होण्यासंबंधीच्या उपचारांची माहिती वाचत असत. पुढे त्याच संगणकावर त्यांच्याच गल्लीतील एक मुलगा क्रिकेटचा धावफलक पाहायला बसला तर पानाच्या कडेला त्याच उपचारांच्या केंद्रांच्या जाहिराती. ‘हे इथे कोण बघतं?’ असे तो सहज मोठ्याने म्हणाला. त्या बाई तेव्हा वर्तमानपत्रांच्या मेजाशी होत्या. त्या पुन्हा कधी संगणकाकडे वळल्या नाहीत. कोणत्या वाचकाने कोणते पुस्तक नेले हे दुसऱ्या वाचकाला सांगायचे नाही, ही शिस्त आमच्या जुन्या ग्रंथपालांनी देवघेव विभागात आयुष्यभर पाळली. तीच गोष्ट आमच्या संगणकाने जाहिरातीच्या रूपाने उघड करावी आणि ती रोखता येत असूनही आम्ही रोखली नसावी, याचे शल्य मला आजही आहे.

ती रोखता येते, म्हणूनच हे लिहितो. ॲपलच्या सफारीने २०२० च्या मार्चपासून अशा कुकीज पूर्णपणे अडवायला सुरुवात केली. फायरफॉक्सने २०२२ च्या जूनपासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज निरनिराळ्या बरण्यांत कोंडण्याची व्यवस्था सर्वांसाठी लागू केली, जेणेकरून एका ठिकाणचा बिल्ला दुसऱ्या ठिकाणी ओळखता येऊ नये. आपल्याकडे सर्वाधिक वापरात असलेल्या क्रोमची गोष्ट वेगळी झाली. तृतीय पक्षाच्या कुकीज दोन वर्षांत बंद करू, असे गूगलने २०२० च्या जानेवारीत जाहीर केले. मग मुदती पुढे ढकलल्या, २०२४ च्या जुलैमध्ये तो बेत सोडून दिला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये आहे तीच व्यवस्था पुढे चालू राहील असे सांगितले. म्हणजे क्रोम वापरणाऱ्याने स्वतः सेटिंग्जमध्ये, गोपनीयतेच्या विभागात जाऊन त्या बंद केल्याशिवाय त्या नेहमीच्या खिडकीत बंद होत नाहीत. आम्ही बंद केल्या. एखादे जुने संकेतस्थळ त्यामुळे नीट चालत नाही, तेव्हा तेवढ्यापुरती सूट देता येते. संकेतस्थळांना सूचना पाठवण्याची परवानगीही आम्ही सरसकट नाकारून ठेवली आहे, कारण ‘अलाउ’ दाबून बसलेल्या ज्येष्ठ वाचकांना ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे’ अशा खोट्या सूचना कोपऱ्यातून वारंवार येत होत्या.

आता संमतीविषयी. हल्ली कोणतेही पान उघडले की कुकीजविषयीची पट्टी वर येते. होकाराचे बटण ठळक रंगाचे असते आणि नकार ‘मॅनेज प्रेफरन्सेस’ अशा फिकट अक्षरांच्या आड, दोन-तीन पाने ओलांडल्यावर सापडतो. आधीपासून खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. कुकीज स्वीकारणे जितके सोपे तितके नाकारणे सोपे ठेवले नाही म्हणून फ्रान्समधील नियामक संस्थेने २०२२ च्या जानेवारीत गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले. त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हायच्या आहेत.

या कायद्यात ‘कुकी’ हा शब्द नाही. पण संमती मोकळेपणाने, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी, ती देणे जितके सोपे तितकेच काढून घेणेही सोपे असावे, आणि संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी, असे त्यात म्हटले आहे. मराठी त्या २२ भाषांमध्ये आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या वावरावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास काही अपवाद वगळता मनाई आहे. अकरावीचा अर्ज भरायला येणारी जवळपास सगळी मुले याच वयाची असतात. असे असताना मराठी मजकुराच्या संकेतस्थळांवरही ही पट्टी बहुतेक वेळा इंग्रजीतच असते. बातमी मराठीत, जाहिरात मराठीत, आणि वाचकाने ज्याला होकार द्यायचा तो मजकूर तेवढा परभाषेत, हे मला योग्य वाटत नाही. २०२७ ची वाट न पाहता ‘स्वीकारतो’ आणि ‘नाकारतो’ अशी सारख्या आकाराची दोन मराठी बटणे आजही देता येतील. आपल्या वृत्तपत्राचेही संकेतस्थळ आहे आणि त्याला वाचकांचा मोठा विश्वास लाभलेला आहे. ही सुरुवात आपल्याकडून व्हावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

शासनाकडेही माझे मागणे मोठे नाही. सेवा केंद्रांना मान्यता देताना दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचा आग्रह धरला जातो, तसाच अर्जदारासाठी गेस्ट खिडकी वापरण्याचा, अर्जदारासमोर लॉग आउट करण्याचा आणि त्याची कागदपत्रे त्याच दिवशी पुसण्याचा आग्रह धरावा. आमच्या वाचनालयांची तपासणी होते तेव्हा दाखलनोंद आणि देवघेवीच्या नोंदी पाहिल्या जातात, संगणकही पाहावेत. प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळांनी लॉग आउटचे बटण लहान चिन्हात न दडवता अर्ज पूर्ण झाल्याच्या पानावर मोठ्या मराठी अक्षरांत द्यावे, आणि काही मिनिटे हालचाल झाली नाही तर खाते आपोआप बंद करावे. त्या मुलीच्या बाबतीत एवढे जरी असते तरी तिच्यावर तशी वेळ आली नसती.

आमच्या संगणकांशेजारच्या भिंतीवर आता एक कागद लावला आहे. उठण्यापूर्वी लॉग आउट करा, पासवर्ड जतन करू नका, सिंकला होकार देऊ नका, फाइली पेनड्राइव्हमध्ये घेऊन इथल्या पुसा, गेस्टच्या सर्व खिडक्या बंद करा, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे, आणि खाली कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या तीन कळा एकत्र दाबल्यावर जी चौकट येते तिच्यात ‘ऑल टाइम’ कसे निवडायचे याचे हाताने काढलेले चित्र आहे, कारण ते निवडले नाही तर नुकतेच केलेले पुसले जाते आणि सकाळचे तसेच राहते. आता लहान मुलेही मोठ्यांना तो कागद वाचून दाखवतात. त्याची एक प्रत या पत्रासोबत पाठवीत आहे. प्रवेशाचा हंगाम सुरू होण्याआधी ती आपल्या अंकात छापता आली, तर इतर वाचनालयांना आणि केंद्रांना ती कापून भिंतीवर लावता येईल.

आपला नम्र,
सार्वजनिक वाचनालयातील एक कर्मचारी